लिफ्टकाका जिना चढतात

लिफ्टकाकांनी सव्वीस वर्षांत किती माणसं वर नेली, असं कोणी विचारलं तर ते बिनदिक्कत सांगत, "अर्धं शहर." उरलेलं अर्धं शहर कसं वर गेलं, हे विचारायच्या फंदात कोणी पडत नसे, कारण काकांचं बोलणं सुरू झालं की आपला मजला येईपर्यंत थांबत नसे आणि कधी कधी आल्यावरही थांबत नसे.

इमारत आठ मजल्यांची, सगळी ऑफिसं आणि दवाखाने. लिफ्ट जुनी. जाळीचा सरकता दरवाजा, आत भिंतीला पितळी मूठ आणि मुठीशेजारी काकांचं लाकडी स्टूल. बटण दाबलं की आपोआप थांबणारी ही लिफ्ट नव्हे. मूठ फिरवायची, मजला जवळ आला की हलकेच मागे घ्यायची आणि लिफ्टची जमीन बाहेरच्या जमिनीशी अगदी बरोबर आणून थांबवायची. नवखा माणूस एक तर वीतभर वर थांबवी नाही तर वीतभर खाली, आणि लोक ठेचकाळत बाहेर पडत. काकांच्या हातून बोटभराचाही फरक पडत नसे. चहाचे भरलेले कप घेऊन माणूस आत आला तरी बशीत थेंब सांडायचा नाही. या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता आणि तो रास्तच होता.

मुठीच्या खाली एका खिळ्याला बिघाडवही टांगलेली असे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की तारीख, वेळ आणि जागा त्या वहीत लिहायची, असा नियम. सव्वीस वर्षांत तीन नोंदी झाल्या होत्या. तिन्ही काकांना तोंडपाठ होत्या आणि तिन्हींचा विषय निघाला की अजूनही त्यांचा चेहरा उतरे. मध्येच अडकणं यापेक्षा मोठी नामुष्की त्यांच्या लेखी दुसरी नव्हती.

आता सव्वीस वर्षं स्टुलावर बसून दिवसातून दोनशे वेळा वर जाणाऱ्या माणसाचं जे व्हायचं तेच काकांचं झालं होतं. ते वर जात होते आणि पोट पुढे येत होतं. तीन स्टुलं झाली, प्रत्येक नवं स्टूल आधीच्यापेक्षा रुंद. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणत, "काका, तुम्ही आत असलात की लिफ्टमध्ये पाच माणसं मावतात, तुम्ही सुट्टीवर असलात की सात." काका यावर मनमुराद हसत. चेष्टा त्यांना लागत नसे. लागत होती ती वेगळीच गोष्ट, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

दोन वर्षांपूर्वी लेक-जावई तिथे राहायला गेले त्या दिवशी काका मोठ्या हौसेनं भिंतीवरचं घड्याळ छातीशी धरून जिना चढू लागले. दुसऱ्या मजल्यावर त्यांचा भाता असा काही फुलला की बोलायची सोय राहिली नाही. मागून दोघं जण कपाट घेऊन वर येत होते, त्यांनी "काका, जरा बाजूला" म्हटलं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खिशातला बंद फोन कानाला लावला, "हो हो, आलोच" असं उगाचच म्हटलं, घड्याळ जावयाच्या हातात दिलं आणि खाली उतरले. ते घड्याळ लेकीच्या घरात कुठे लावलंय हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी काकू वर जात आणि काका फाटकाजवळच्या झाडाखाली बाकावर बसत. गुडघा दुखतोय, बाहेर हवा छान आहे, आलोय तसा जरा पेपर वाचतो, अशी कारणं वर्षभर पुरली. नंतर कोणी कारण विचारेनासं झालं. लेक थर्मासमधून चहा घेऊन खाली येई, मांडीला मांडी लावून बसे आणि एका शब्दानं बोलून दाखवत नसे. तिनं बोलून दाखवलं असतं तर बरं, असं काकांना वाटे. परत जाताना काकू घरातलं सगळं रंगवून सांगत, पडदे निळे घेतलेत, स्वयंपाकघरात ऊन येतं. काका परक्या गावाचं वर्णन ऐकावं तसे ऐकत.

नातीचं टोपणनाव ठकी. वय वर्षं पाच व्हायला तीन महिने कमी. एका रविवारी ती कागद नाचवत खाली आली. तिनं घर काढलं होतं. चार मजले, वरच्या खिडकीत आई, बाबा, ती स्वतः, तिघांचीही डोकी भोपळ्याएवढी. खाली झाडाशेजारी अंगठ्याएवढा एक माणूस.

"हा कोण गं?" काकांनी विचारलं.

"तू."

"बघा, कागदावर तरी बारीक झालो," काका काकूंकडे पाहून म्हणाले. मग ठकीला म्हणाले, "आणि मी बाहेर का?"

"तू इथंच राहतोस ना," ठकी म्हणाली. तिला हा प्रश्न अगदीच बावळट वाटला असावा. "हे तुझं घर. बाक." मग ती बाकावर चढून म्हणाली, "आजोबा, या वेळी माझा केक खाली नाही आणायचा हं. मागच्या वेळी त्यात पान पडलं होतं."

सगळे हसले. काकाही हसले. पण घरी जाताना ते रस्ताभर गप्प होते, आणि काका गप्प बसले म्हणजे काहीतरी बिनसलंय हे कळायला काकूंना विचारावं लागत नसे. घराच्या दाराशी आल्यावर काका एवढंच म्हणाले, "तिच्या वाढदिवसाला मी वर जाणार."

काका एकदा मनावर घेत तेव्हा थोडक्यात भागत नसे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्याच इमारतीत सहाव्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाईंनी छाती तपासली, पट्टे लावून कागद काढला, रक्त पाहिलं. म्हणाल्या, "हृदय ठीक आहे. सवय गेलीय. जिना चढा, पण हळूहळू. छातीत दुखलं, चक्कर आली तर थेट माझ्याकडे." काकांनी यातलं "हृदय ठीक आहे" आणि "जिना चढा" एवढंच ऐकलं. "हळूहळू" हा शब्द त्यांच्या कानावरून गेला. संध्याकाळी पांढरेशुभ्र बूट आले, गळ्यात अडकवायचा टॉवेल आला आणि एक नवी वही आली. काकांनी वहीवर रेषा आखल्या. तारीख, वेळ, जागा.

"ही कसली वही?" काकूंनी विचारलं.

"यंत्र चालवायचं तर नोंद हवी."

सकाळी साडेसातला, ऑफिसं उघडायच्या आधी, काका आपल्या इमारतीच्या जिन्याशी उभे राहिले. सव्वीस वर्षांत या जिन्याची पहिलीच भेट. प्रत्येक मजल्याला अकरा-अकरा पायऱ्यांचे दोन टप्पे, मध्ये वळणावर एक सपाट जागा, तिथे लहानशी खिडकी. काकांनी ठरवलं, लेकीचं घर चौथ्यावर, तर इथंही थेट चौथा. न थांबता. लिफ्ट कधी मध्ये थांबते का?

पहिला मजला रुबाबात झाला. दुसऱ्यापर्यंत रुबाब संपला आणि हट्ट उरला. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या वळणावर हट्टही संपला. काका पायरीवर मटकन बसले. पाय थरथरत होते, घाम डोळ्यांत जात होता, नव्या टॉवेलनं तोंड पुसायचंही सुचलं नाही. दहा मिनिटांनी कठड्याला धरून ते खाली उतरले आणि वहीत लिहिलं, "दुसरा आणि तिसरा यांच्या मध्ये. अडकली."

दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की स्टुलावर बसतानाही "आई गं" निघालं. तरी हट्टानं गेले आणि दीड मजल्यावर अडकले. तिसऱ्या दिवशीही दीड. आठवडा संपला तेव्हा वहीत सहा नोंदी झाल्या होत्या. सव्वीस वर्षांत लिफ्टच्या तीन, आणि आठवड्यात आपल्या सहा! काकांनी बूट खोक्यात परत भरले.

"हे यंत्र मोडीत काढायच्या लायकीचं आहे," ते काकूंना म्हणाले. आवाज चेष्टेचा होता पण चेहरा नव्हता. खरंच वाईट वाटत होतं त्यांना, स्वतःची किळस यावी इतकं वाईट.

काकूंनी चष्मा लावला आणि वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. "अहो," त्या म्हणाल्या, "यात सगळं अडकलात तेच लिहिलंय. चढलात ते कुठंय?"

"ते कशाला लिहायचं? बिघाडवहीत चालू लिफ्ट कोणी लिहितं का?"

"मग तुम्हाला बिघाडच दिसणार की," असं म्हणून काकू भाजी निवडायला बसल्या. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. काकांना त्या दिवशी ते पटलं नाही, पण बूट त्यांनी माळ्यावर न टाकता दाराशीच ठेवले.

चार दिवसांनी ते पुन्हा जिन्याशी गेले. या वेळी कोणाला न सांगता, जुन्याच चपला घालून, टॉवेलबिवेल काही नाही. दीड मजला होत आला आणि दम लागला. तोंड कडू करून ते मागे वळणार, तोच वरून आवाज आला.

"वळलात कशाला, भाऊ? बसा की."

वळणावरच्या खिडकीत जिना झाडणाऱ्या मावशी बसल्या होत्या. शेजारी झाडू, पुढ्यात चहाचा डबा. साठीच्या, अंगानं काटक. काका त्यांना वीस वर्षं ओळखत होते, म्हणजे तळमजल्यावर येता-जाता मान हलवण्यापुरते. एकाच इमारतीत दोघांचाही जन्म चढण्या-उतरण्यात गेला, पण हे भिंतीच्या अलीकडे आणि त्या पलीकडे.

"मध्येच बसायचं?" काका धापा टाकत म्हणाले.

"मग ही जागा कशाला ठेवलीय? शोभेला?" मावशींनी हातानं जागा झाडून दिली. "मी आठ मजले झाडते रोज. प्रत्येक वळणावर टेकते. वीस वर्षं टेकतेय. कोणाला वाटत असेल ही बाई एका दमात झाडत असेल, तर वाटू दे."

काका बसले. खिडकीतून समोरच्या घरांची छपरं दिसत होती, कोणीतरी गच्चीवर गाद्या वाळत घालत होतं. लिफ्टमधून इतकी वर्षं फक्त भिंत आणि जाळी दिसली. मावशींनी डब्याच्या झाकणात थोडा चहा ओतून पुढे केला. पाचेक मिनिटांनी मावशींनी विचारलं, "नाव-गाव सांगता येतंय का आता?"

"म्हणजे?"

"एक सबंध वाक्य न अडखळता बोलता आलं की उठायचं. नाही आलं तर बसायचं. माझं तेवढंच गणित आहे."

काकांनी घसा साफ केला आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं जे पहिलं वाक्य तोंडात आलं ते म्हणून टाकलं, "दुसरा मजला, दातांचा दवाखाना आणि विम्याचं ऑफिस, सावकाश उतरा." श्वास पुरला. ते उठले, अकरा पायऱ्या चढले आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन उभे राहिले. त्या दिवशी पुढे गेले नाहीत. मावशींनी खालून ओरडून सांगितलं होतं, "आज एवढंच. हाव करू नका."

तिथून पुढे रोज सकाळी साडेसातला जिन्यात घोषणा ऐकू येऊ लागल्या. प्रत्येक वळणावर काका थांबत, भिंतीला टेकत, आणि श्वास जागेवर आला की पुढच्या मजल्याची आरोळी ठोकत. दोन आठवड्यांनी एक टप्पा वाढवायचा, जास्त नाही. वहीतला "जागा" खोडून त्यांनी "कुठे थांबलो" असं लिहिलं. मग दोन दिवसांनी शेजारी आणखी एक रकाना आखला, "काय दिसलं." त्यात नोंदी होत्या, "गादीवाली बाई नव्हती," "मांजर," "तिसऱ्याच्या खिडकीची काच फुटलीय, व्यवस्थापकांना सांगणे." काकूंनी ती वही वाचली आणि जागेवर ठेवली. काकांचा सकाळचा डबा त्या हल्ली न सांगता लवकर भरून ठेवत.

सगळं सुरळीत चाललं असताना काकांनी एक उद्योग केला. सकाळबरोबर दुपारचाही एक फेरा सुरू केला. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास दारावरचा पहारेकरी मूठ सांभाळी. तेव्हा लोकांनी काय पाहिलं, तर लिफ्ट चालू आहे, ती पहारेकरी चालवतोय, आणि लिफ्टकाका तिच्याकडे पाठ करून जिन्यानं वर चाललेत.

पहिल्या दिवशी कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी विम्याच्या ऑफिसातल्या एकानं दबक्या आवाजात म्हटलं, "सव्वीस वर्षं जो माणूस त्या लिफ्टमधून हलला नाही तो आता पायी जातोय. त्याला काहीतरी माहीत आहे." विम्याचीच माणसं ती, धोका शोधणं हा त्यांचा धंदा. तिसऱ्या दिवशी दोर झिजलाय अशी खात्रीलायक बातमी होती. चौथ्या दिवशी काका स्टुलावर बसून वाट पाहत राहिले आणि लिफ्टमध्ये एकही माणूस आला नाही. जिन्यावर मात्र जत्रा भरल्यासारखी गर्दी. तिसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब, ज्यांच्यापुढे काकाही सडपातळ दिसत, ते कठड्याला लोंबकळत एक एक पायरी चढत होते.

व्यवस्थापकांनी मिस्त्री बोलावला. त्यानं चार तास घालवून दोर, चाकं, मोटार, सगळं पाहिलं आणि हात पुसत सांगितलं की ही लिफ्ट अजून वीस वर्षं चालेल. तरी कोणी आत पाऊल ठेवेना. शेवटी व्यवस्थापकांनी तळमजल्यावर, तीसेक माणसांसमोर, काकांनाच विचारलं, "काका, खरं सांगा. तुम्ही जिन्यानं का जाता?"

दोन वर्षं जे लपवलं ते आता चारचौघांत सांगायचं! बंद फोन कानाला लावायची सोय नव्हती.

"लिफ्ट ठणठणीत आहे, साहेब," ते म्हणाले. "मीच... मला जिना चढता येत नाही. शिकतोय. माझ्या लेकीचं घर चौथ्या मजल्यावर आहे, दोन वर्षं झाली, मी पाहिलेलं नाही. नातीच्या वाढदिवसाला वर जायचंय."

गर्दीतून वकीलसाहेबांचा दमलेला आवाज आला, "म्हणजे मी दोन दिवस उगाच चढलो?"

"उगाच कशाला?" मागून मावशी झाडू टेकवून म्हणाल्या. "काल पाच ठिकाणी बसला होतात. आज तीनच."

असा हशा पिकला की पहारेकरी बाहेरून धावत आला. वकीलसाहेबही हसले, मग बोटांवर मोजू लागले आणि म्हणाले, "अरे, खरंच की." काकांना वाटलं होतं, लोक आपल्याला हसतील. हसलेही, पण त्यात बोचेल असं काही नव्हतं. दातांचे डॉक्टर लिफ्टमध्ये शिरताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाढदिवस कधी आहे?" काकांनी तारीख सांगितली. त्या दिवसापासून आठही मजल्यांना ती तारीख माहीत झाली, आणि काकांना ती विसरायची सोय राहिली नाही.

वाढदिवसाला तीन आठवडे उरले असताना काकांना सर्दी-ताप झाला. नऊ दिवस ते अंथरुणावर होते. उठून गेले तेव्हा साडेतीन मजल्यांवर आलेला माणूस पुन्हा दीडवर दमला. काका वळणावर बसले आणि त्यांनी सर्दीला, तापाला, जिना बांधणाऱ्याला अशा काही शिव्या हासडल्या की वरच्या मजल्यावर झाडूचा आवाज थांबला. मग त्यांनी नाक शिंकरलं. खिडकीतून पाहिलं तर गादीवाली बाई परत आली होती. ते वहीत लिहून होईतो श्वास जागेवर आला होता. "दुसरा मजला, दातांचा दवाखाना," ते ओरडले आणि उठले. पुढच्या आठवड्यात तीन झाले. वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, सात ठिकाणी थांबून, चौथा. मावशींनी त्या दिवशी चहा झाकणात नाही, डब्यातच दिला.

वाढदिवसाच्या संध्याकाळी काका लेकीच्या इमारतीत शिरले. हातात पुठ्ठ्याची लिफ्ट होती, दोऱ्यावर वर-खाली होणारी, जाळीच्या दरवाज्याची, ती त्यांनी तापात पडल्या पडल्या बनवली होती. काकूंना त्यांनी पुढे पाठवलं. "तुम्ही जा, मी माझ्या चालीनं येतो." काकूंनी वळून एकदा पाहिलं आणि गेल्या.

इथल्या पायऱ्या ऑफिसातल्यापेक्षा उंच होत्या, हे काका विसरले होते. दुसरा मजला आला. घड्याळ सोडून पळालो ती हीच जागा, त्यांनी ओळखली. तिथे ते मुद्दाम जरा जास्त वेळ उभे राहिले. तिसरा झाला. तिसऱ्या-चौथ्याच्या मधल्या वळणावर मात्र पाय शिशाचे झाले. वाक्य तर सोडाच, शब्द फुटेना. वरून पोरांचा कलकलाट ऐकू येत होता, कोणीतरी फुगा फोडला. उरल्या होत्या मोजून अकरा पायऱ्या. काकांचा हात सवयीनं खिशातल्या फोनकडे गेला. एवढ्या महिन्यांची मेहनत आणि शेवटी लेकीच्या दाराखालीच अडकायचं, असं मनात येऊन त्यांचे डोळे भरून आले.

मग त्यांनी फोन सोडून दिला, पुठ्ठ्याची लिफ्ट शेजारी ठेवली आणि पायरीवर बसले.

वर दार उघडलं. कठड्यातून ठकीचं डोकं बाहेर आलं. ती दोन उड्यांत खाली आली. तिनं आजोबांकडे, मग त्यांच्या घामाकडे पाहिलं. आजोबांकडून लिफ्टच्या गोष्टी ऐकून ऐकून तिला सगळं ठाऊक होतं. तिचा चेहरा गंभीर झाला.

"आजोबा, तू अडकलास?"

काकांनी एक श्वास घेतला, मग दुसरा. घाई केली नाही.

"नाही गं," ते म्हणाले. "थांबलोय."

"बरं," म्हणून ठकी त्यांच्या शेजारी बसली. केक कोणत्या रंगाचा आहे, आईनं कोणाकोणाला बोलावलंय, हे सगळं तिनं सांगून टाकलं. काका ऐकत राहिले. वरच्या दारात लेक येऊन उभी होती. तिनं तोंडावर हात धरला होता, पण ती खाली आली नाही, हाक मारली नाही. शहाणी होती पोर.

थोड्या वेळानं काकांनी घसा साफ केला. "चौथा मजला," ते खणखणीत म्हणाले, "ठकीचं घर. सावकाश उतरा."

"थांब, मी दरवाजा लावते!" ठकीनं हवेतली जाळी ओढली, हवेतली मूठ फिरवली आणि दोघं अकरा पायऱ्या चढली.

घड्याळ समोरच्याच भिंतीवर होतं. पडदे निळे होते. लेकीनं काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग ती लहान मुलीसारखी त्यांच्या गळ्यात पडून रडली. काकूंनी मुलांना केकच्या गोष्टीत गुंतवलं. ठकीला मात्र रडण्यात काही रस नव्हता. तिनं आजोबांचं बोट धरून त्यांना खिडकीशी ओढलं.

"मी तुला इथून बघायचे," ती म्हणाली. तिनं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. "एवढासा दिसायचास."

काकांनी खाली पाहिलं. झाड होतं, फाटक होतं. झाडाखाली त्यांचा बाक होता, रिकामा.

"आजोबा, आता तिथं कोण राहणार?"

काकांना हसूही आलं आणि डोळेही पुसावे लागले. "राहू दे कोणालाही," ते म्हणाले. "आपण आता केक कापू."